काटा थंड, इंजिन गरम

पेणहून वडगाव मावळला गणपतीच्या मूर्ती आणायच्या म्हणजे वाटेत बोरघाट चढणे आलेच. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत रस्ता सुमारे पाचशे मीटर उंची चढतो. १८३० साली हा घाटरस्ता खुला झाला तेव्हा त्यावर बैल धापा टाकीत असत. पुढे मोटारी आल्या आणि धापा टाकण्याचे काम त्यांनी उचलले. २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण होण्याआधी ज्यांनी या घाटातून प्रवास केला आहे, त्यांना बोनेट उघडून कडेला उभ्या असलेल्या गाड्या आणि डबा हातात घेऊन झऱ्याकडे निघालेले चालक नक्की आठवत असतील.

गेल्या श्रावणात माझा एक जुना विद्यार्थी (आता तो शेती करतो) आपली जीप घेऊन पेणहून निघाला. मागे गवत आणि गोणपाट अंथरून त्यावर अकरा मूर्ती नीट बसविलेल्या. घाटात वाहनांची रांग लागली होती, पाऊस पडत होता, आणि गाड्या पावलापावलाने सरकत होत्या. अशा गार हवेत इंजिन तापेल असे कोणाच्या मनातही येणार नाही. समोरच्या तापमापक मीटरचा काटाही ‘थंड’ या खुणेपासून फारसा हललेला नव्हता. तेवढ्यात बोनेटच्या फटीतून वाफेचा लोट बाहेर आला.

“सर, काटा थंड दाखवतोय, मग ही वाफ कुठली?” असे त्याने मला फोनवर विचारले. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर आहे. उत्तराला लागणारे सारे भौतिकशास्त्र तुम्ही नववी-दहावीत शिकता: ओहमचा नियम, रोधांची एकसर जोडणी, आणि दाबाचा उत्कलनबिंदूवर होणारा परिणाम.

मी त्याला सर्वांत आधी एकच गोष्ट सांगितली: रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नकोस. त्याचे कारण समजून घ्या. रेडिएटरचे झाकण हे प्रेशर कुकरच्या शिटीसारखे असते. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे ०.९ बारने वाढेपर्यंत ते वाफ बाहेर सोडत नाही. त्या दाबाखाली पाणी ११५ अंश सें.च्या पुढे गेले तरी उकळत नाही. झाकण उघडले की दाब एकदम हवेइतका होतो आणि त्या पाण्याला ११५ अंशांवर पाणी म्हणून राहताच येत नाही. ते तत्काळ ९८ अंशांवर येऊ पाहते. (वडगाव-लोणावळ्याला ९८ का, ते पुढे येईल.) प्रत्येक किलोग्रॅम पाण्याने १७ अंश थंड होताना सुमारे ७१ किलोज्यूल उष्णता सोडली आणि एक किलोग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २२५७ किलोज्यूल लागतात, असे धरून भागाकार करा. पाण्याचा सुमारे ३ टक्के भाग क्षणात वाफ होतो. ऐकायला हे थोडे वाटते. पण सहा लिटर पाण्याच्या ३ टक्क्यांपासून तीनशे लिटरच्या आसपास वाफ तयार होते, आणि ती सर्व त्या छोट्याशा तोंडातून उघडणाऱ्याच्या अंगावर येते. दरवर्षी कोणी ना कोणी यात भाजून निघतो. गाडी बंद करावी, अर्धा-पाऊण तास थांबावे, आणि मगच झाकणाचा विचार करावा.

तो थांबला. मूर्ती दुसऱ्या गाडीतून आल्या आणि जीप दोरीने ओढून. हेडचे गॅस्केट गेले होते व हेड किंचित वाकले होते. इंद्रायणी भाताच्या पैशांतला बराच हिस्सा त्यात गेला.

आता या जीपची पूर्वकथा. तिचे मूळ इंजिन झिजले होते. त्याने त्या जागी एका अपघातग्रस्त मोटारीचे पेट्रोल इंजिन बसवून घेतले. ते नव्या पद्धतीचे होते, म्हणजे त्याला कार्ब्युरेटर नव्हता आणि किती पेट्रोल फवारायचे हे एक छोटा संगणक ठरवीत असे. (इंजिन बदलले की ते आर.टी.ओ.कडे कळवून नोंदणीपुस्तकात नोंदवून घ्यावे लागते. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ याचसंबंधी आहे. पुष्कळ जण हे विसरतात, आणि विम्याच्या वेळी त्यांना त्याची आठवण होते.) मिस्त्रीचा हात चांगला होता. इंजिन मापात बसले, गिअर नीट पडत होते, कोठे तेल गळत नव्हते. फक्त एक वायर चुकीच्या जागी जोडली गेली होती.

ती वायर कोणती हे कळण्यासाठी पाण्याचे तपमान मोजणारा संवेदक म्हणजे काय, ते पाहावे लागेल. गॅरेजमध्ये त्याला सेन्सर किंवा सेंडर म्हणतात. आटे असलेल्या पितळी बोल्टासारखी ही वस्तू इंजिनाच्या पाण्याच्या मार्गात घट्ट पिळून बसविलेली असते. तिच्या टोकाशी, आतल्या बाजूला, धातूंच्या ऑक्साइडांचा एक छोटा मणी असतो. या मण्याला थर्मिस्टर म्हणतात.

तांब्याची तार तापविली की तिचा रोध वाढतो, हे तुम्ही वाचले आहे. थर्मिस्टरचे वागणे उलट आहे: तापमान वाढले की त्याचा रोध कमी होतो. असा उलटा गुणधर्म मायकेल फॅरडे यांना १८३३ साली सिल्व्हर सल्फाइड या पदार्थात आढळला होता. तेव्हा त्याचा अर्थ लागण्यासारखा नव्हता. आज आपण सांगू शकतो की तांब्यात प्रवाह वाहून नेणारे इलेक्ट्रॉन मुळातच भरपूर असतात. उष्णतेने अणूंची थरथर तेवढी वाढते आणि इलेक्ट्रॉनांच्या वाटेत अडथळा येतो. अर्धसंवाहकात मात्र मोकळे इलेक्ट्रॉन फार थोडे असतात. उष्णतेने आणखी इलेक्ट्रॉन मोकळे होतात, म्हणून वाहकांची संख्या वाढते आणि रोध उतरतो.

मोटारींत सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका प्रकारच्या संवेदकाचे आकडे असे आहेत:

० अंश सें. : सुमारे ५९०० ओहम
२० अंश सें. : २५०० ओहम
४० अंश सें. : ११७५ ओहम
६० अंश सें. : ५९६ ओहम
८० अंश सें. : ३२३ ओहम
१०० अंश सें. : १८६ ओहम

दर वीस अंशांना रोध जवळजवळ निम्मा होतो, पण नेमका निम्मा कधीच होत नाही. आलेख काढून पाहा. सरळ रेषा येणार नाही. या वाकड्या आलेखातच पुढच्या सगळ्या गमतीचे आणि घोटाळ्याचे मूळ आहे.

आता नीट लक्ष द्या. संवेदक ‘८० अंश’ असे काही सांगत नाही. तो फक्त ३२३ ओहम इतका रोध पुढे करतो. ३२३ ओहम म्हणजे ८० अंश, हा अर्थ लावण्याचे काम वायरच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या मीटरचे किंवा संगणकाचे. दोघांमध्ये भाषेचा करार असतो. करार ज्यांच्यात झालेला नाही अशा दोघांना वायरने जोडले तरी वायर तुटत नाही, फ्यूज उडत नाही आणि धूरही निघत नाही. काटा एका जागी जाऊन गंभीर चेहऱ्याने उभा राहतो आणि आपण त्यावर विश्वास ठेवतो.

संगणक हा अर्थ कसा लावतो? त्याच्या आत ५ व्होल्टचा एक स्थिर स्रोत असतो. त्यापुढे एक ठराविक रोध, समजा २००० ओहमचा, आणि त्याच्याशी एकसर जोडणीत बाहेरचा संवेदक. संवेदकाच्या दोन टोकांमधील विभवांतर संगणक मोजतो. ओहमच्या नियमाने ते असे येते: ५ गुणिले संवेदकाचा रोध, भागिले दोन्ही रोधांची बेरीज. २० अंशांना हे २.७८ व्होल्ट, ८० अंशांना ०.७० व्होल्ट आणि १०० अंशांना ०.४३ व्होल्ट येते. हे आकडे स्वतः काढून पाहा. व्होल्ट जितके कमी तितके इंजिन गरम, असे कोष्टक संगणकाच्या स्मृतीत भरलेले असते. ५ व्होल्टच्या अगदी जवळचा आकडा म्हणजे एक तर भयंकर थंडी, नाही तर तुटलेली वायर.

जीपचे जुने मीटर याहून साधे होते. त्यात दोन धातूंची एकमेकींवर सांधलेली पट्टी आणि तिच्याभोवती तारेचे वेटोळे असते. प्रवाह वाहिला की वेटोळे पट्टीला तापविते, पट्टी वाकते आणि काटा पुढे ढकलते. या मीटरचा जुना, एका वायरीचा सेंडर मी नंतर मोजून पाहिला. थंड पाण्यात त्याचा रोध पाचशे ओहमच्या आसपास होता, उकळत्या पाण्यात साठाच्या आसपास. वेटोळ्याचा रोध ७० ओहम भरला.

मिस्त्रीने काय केले असेल ते चतुर वाचकांच्या ध्यानात आले असेल. नव्या इंजिनावर तापमानाचा संवेदक एकच होता, दोन वायरींचा, संगणकाकडे जाणारा. जीपच्या मीटरला तर तापमान हवे होते. मग जुन्या मीटरची वायर त्याच संवेदकाच्या वायरीला पिळून, वर टेप गुंडाळून दिली. एका विहिरीवर दोन मोटा चालतात, मग एका संवेदकावर दोन मीटर का चालू नयेत, असा विचार त्यामागे असावा. विचार चुकीचा असला तरी वेडगळ नाही. माझ्या वर्गातील निम्म्या मुलांनीही तसेच केले असते.

गणित करू. इंजिन १०० अंशांना आहे, म्हणून संवेदकाचा रोध १८६ ओहम. बॅटरीच्या १२ व्होल्टमधून प्रवाह निघतो आणि ७० ओहमच्या वेटोळ्यातून व १८६ ओहमच्या संवेदकातून जमिनीला, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाला, जातो. एकूण रोध २५६ ओहम. संवेदकावरचे विभवांतर १२ × १८६ ÷ २५६, म्हणजे सुमारे ८.७ व्होल्ट. (संगणकाकडून येणारा प्रवाह इतका क्षुल्लक आहे की तो सोडून दिला तरी चालतो.) संगणकाला मिळायला हवे होते ०.४३ व्होल्ट आणि त्याच्या दारात आले ८.७! आतले संरक्षक रोध होते म्हणून तो जळाला नाही, एवढेच नशीब.

संगणकाने याचा अर्थ काय लावला? इंजिन गोठले आहे, असा. त्याप्रमाणे त्याने पेट्रोल जास्त सोडले. गेले दोन महिने धूर काळा येतो, पेट्रोल फार जाते, अशी माझ्या विद्यार्थ्याची तक्रार होतीच. तिचा खुलासा येथे मिळाला. रेडिएटरचा विजेवर चालणारा पंखाही हाच संगणक चालू करीत असे. गोठलेल्या इंजिनाला पंखा कशाला? संवेदकाचा आकडा अशक्य वाटला तर काही संगणक सावधगिरी म्हणून पंखा सतत चालू ठेवतात. या संगणकाने तसे केले नाही. सपाटीवर वेगाने जाताना समोरच्या वाऱ्यानेच रेडिएटर थंड होत होता, म्हणून दोन महिने काही बिघडले नाही. घाटात रांगेत, पहिल्या गिअरमध्ये, वाराही नाही आणि पंखाही नाही.

आणि जुने मीटर? साठ ओहम म्हणजे उकळते पाणी, अशी त्याची भाषा. त्याच्यापुढे आले १८६ ओहम. जुन्या सेंडरच्या हिशेबाने हे साधारण ५५ अंशांचे तापमान झाले. म्हणून काटा ‘थंड’ या खुणेच्या थोडा वर जाऊन तेथेच राहिला. दोघांनीही चूक केली आणि दोघांची चूक एकाच दिशेला, थंडीच्या दिशेला, झाली.

याशिवाय एक बारीक दोष होता. संगणकाच्या मूळ जोडणीत १०० अंशांना संवेदकात सुमारे एक मिलिवॉट शक्ती खर्च होते. या जोडणीत ती ०.४ वॉट, म्हणजे चारशे पट झाली. तापमान मोजायला बसविलेला मणी स्वतःच शेगडी होऊ लागला होता.

दुरुस्ती सोपी होती. संगणकाचा दोन वायरींचा संवेदक पूर्ववत त्याच्या एकट्याच्या ताब्यात दिला. जुन्या मीटरसाठी जुनाच एका वायरीचा सेंडर पुन्हा बसविला. त्याचे आटे नव्या इंजिनाच्या भोकात जुळत नव्हते, म्हणून लेथवर पितळी अडॅप्टर करून घेतला. जागा निवडताना मात्र सोयीची न पाहता योग्य ती पाहावी लागते. सेंडर हवा इंजिनाच्या बाजूला, थर्मोस्टॅटच्या आधी, नेहमी पाण्यात बुडून राहील असा. रेडिएटरमधून थंड होऊन परतणाऱ्या नळीत तो बसवाल तर मीटर रेडिएटरचे कौतुक करील आणि इंजिनाविषयी काहीच सांगणार नाही.

एका वायरीच्या सेंडरला दुसरी वायर कोठे असते, असे मुले हमखास विचारतात. ती त्याच्या आट्यांत असते. प्रवाह आट्यांतून इंजिनाच्या धातूत आणि तेथून बॅटरीकडे परत जातो. गळती नको म्हणून आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी पाच-सहा वेढे गुंडाळली तर गळती थांबते, पण कधीकधी प्रवाहाची वाटही थांबते. शिवाय इंजिन रबरी पायांवर बसलेले असते आणि रबर विद्युत् दुर्वाहक. इंजिन व सांगाडा जोडणारी जाड अर्थची पट्टी म्हणूनच आवश्यक असते. इंजिन बदलताना ती जुन्या इंजिनाबरोबर भंगारात जाण्याचा प्रकार नेहमीचा आहे. मग सेल्फ मारताना लागणारा शंभर-दीडशे अँपिअरचा प्रवाह क्लचच्या केबलमधून, किंवा मिळेल त्या वाटेने, परत जातो. वाटेत ०.०१ ओहम एवढाच रोध असला तरी १५० अँपिअरला दीड व्होल्ट तेथे खर्च होतात. ०.४३ व्होल्टचा अर्थ लावणाऱ्या संगणकाला हे कसे परवडेल? म्हणून त्याच्या संवेदकाला परतीची स्वतंत्र वायर दिलेली असते. ती वायर बॉडीला कोठेही चिकटवू नये, संगणकाच्या ठराविक टोकालाच न्यावी.

आता प्रयोगाकडे वळू. हा तुमच्या शाळेत करता येईल. गॅरेजमधून एक जुना दोन वायरींचा संवेदक मागून आणा. बहुधा फुकट मिळेल. पातेल्यात पाणी घ्या. संवेदकाचे पितळी टोक पाण्यात बुडेल आणि वायरींचे टोक कोरडे राहील असा तो दोरीने टांगा. शेजारी १०० अंशांच्या वर मोजणारा तापमापक तळाला न टेकवता धरा. पाणी शिक्षकांच्या देखरेखीखाली तापवा आणि दर दहा अंशांना गॅस बारीक करून, पाणी ढवळून, काही मिनिटे थांबून मल्टीमीटरवर रोध वाचा. घाई केली तर मणी मागे राहतो आणि पाणी पुढे जाते.

वडगाव, कामशेत किंवा लोणावळ्याच्या विद्यार्थ्यांना पाणी ९८ अंशांनाच उकळताना दिसेल. तापमापक बिघडला असे समजू नका. आपण समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटर उंचीवर राहतो आणि दर तीनशे मीटरना उत्कलनबिंदू सुमारे एक अंशाने उतरतो. वरच्या प्रकारचा संवेदक असेल तर तेव्हा मल्टीमीटर २०० ओहमच्या किंचित खाली असेल. मुंबईच्या शाळेतील मुलांना १८६ च्या जवळचा आकडा मिळेल. दोघांनी आपापले आकडे एकमेकांना पत्राने कळविले तर फार चांगले.

प्रयोगाचा दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. गंजलेला सांधा हा एक रोधच असतो, म्हणून संवेदकाशी एकसर जोडणीत २०० ओहमचा एक रोध जोडा आणि पुन्हा मोजा. २० अंशांना २५०० च्या जागी २७०० ओहम येतील. कोष्टकाप्रमाणे हे सुमारे १८ अंश, म्हणजे चूक फक्त दोन अंशांची. १०० अंशांना मात्र १८६ अधिक २००, म्हणजे ३८६ ओहम येतील, आणि त्यांचा अर्थ होतो सुमारे ७४ अंश! उकळते इंजिन मजेत असल्याचे संगणकाला कळते. सकाळी थंड इंजिनावर तपासून “सेन्सर चांगला आहे” असे सांगणारा मिस्त्री खोटे बोलत नसतो. दोष फक्त गरम झाल्यावर दिसतो, कारण तेव्हाच मण्याचा स्वतःचा रोध लहान झालेला असतो आणि गंजाचा रोध त्याच्यापुढे मोठा ठरतो. म्हणून अशी तपासणी इंजिन पूर्ण तापल्यावरच करावी. त्याने पिळून टेप लावलेला सांधा आम्ही याच कारणासाठी कापून टाकला आणि डाख देऊन नवा केला.

काटा एकदम खाली आला म्हणून सुटकेचा निःश्वास टाकणारे चालकही मी पाहिले आहेत. घाटात चढणारा काटा वळणावर अचानक ‘थंड’ कडे गेला तर गाडी ताबडतोब थांबवावी. नळी फुटून पाणी वाहून गेले असेल, तर संवेदक पाण्यात बुडलेला नसतो. तो रिकाम्या जागेतील हवेत लोंबत असतो, आणि हवा त्याला पाण्याइतकी उष्णता देऊ शकत नाही.

जीप आता रस्त्यावर आहे. दुरुस्तीनंतर आम्ही दोघे ती घेऊन एकदा खोपोलीपर्यंत उतरलो आणि वर आलो. शिंग्रोबाच्या देवळाजवळ रांगेत उभे असताना पंखा सुरू झाल्याचा आवाज आला. तो बंद झाला, थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला. काटा मधोमध होता.

शेवटी एक प्रश्न तुमच्यासाठी. संवेदकापासून संगणकाकडे जाणारी वायर इंजिनाच्या धातूवर घासून तिचे आवरण फाटले आणि आतली तार त्या धातूला टेकली. संवेदकावरचे विभवांतर किती होईल? संगणक इंजिनाविषयी काय समजेल, पंखा काय करील, आणि सकाळी थंड इंजिन सुरू करताना चालकाला कोणती अडचण येईल? २००० ओहमचा रोध धरून उत्तर काढा व कारणांसह वहीत लिहा.